तालुका समितीचे संघकर्म

राजकीय पक्षांतर्गत लोकशाहीची चर्चा आपल्याकडे बहुधा दिल्ली आणि मुंबई या दोन पातळ्यांवर चालते. पक्षाचा अध्यक्ष निवडून आला की नेमला गेला, घराणेशाही किती बोकाळली, या प्रश्नांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. परंतु सामान्य माणसाला पक्ष भेटतो तो दिल्लीत नव्हे, तर तालुक्याच्या गावी. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या विट्यासारख्या गावात तालुकाध्यक्ष, शहराध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस ही पदे कशी अस्तित्वात येतात, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांनी जवळून पाहिलेले असेल. जिल्हाध्यक्ष दौऱ्यावर येतात, शासकीय विश्रामगृहावर पंधरा-वीस कार्यकर्ते जमतात, चहापान होते आणि अमुक यांची तालुकाध्यक्षपदी 'सर्वानुमते' निवड झाल्याचे जाहीर होते. नियुक्तिपत्र बहुधा मुंबईहून किंवा सांगलीहून आधीच टंकलिखित होऊन आलेले असते. हार, शाल, छायाचित्र, दुसऱ्या दिवशीची बातमी आणि चौकातील फलक एवढ्यावर निवडीचा विधी संपतो.

प्रस्तुत लेखात आम्हांला या 'सर्वानुमते' शब्दाचाच विचार करावयाचा आहे. हे 'सर्व' कोण? त्यांची यादी कोठे आहे? जे आले नाहीत ते का आले नाहीत? त्यांना सूचना मिळाली होती काय? आणि ज्याला ही निवड मान्य नव्हती त्याला तसे म्हणण्याची संधी कोणत्या क्षणी मिळाली? हे प्रश्न कोणा एका पक्षाला उद्देशून नाहीत. आज महाराष्ट्रातील जवळजवळ सर्वच पक्षांच्या तालुका समित्यांना ते लागू पडतात. परंतु आमचे वाचक बौद्ध आहेत. ज्या संघाला ते त्रिवार शरण जातात, त्या संघाने या प्रश्नांची उत्तरे अडीच हजार वर्षांपूर्वी लिखित नियमांइतक्या काटेकोरपणे देऊन ठेवली आहेत. म्हणून आपल्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या पक्षांकडे या दृष्टीने पाहणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. ती थोडक्यात आटोपण्यासारखी आहे, कारण ती थोडीच आहे. भारतीय संविधानात राजकीय पक्षाच्या अंतर्गत कारभाराविषयी तरतूद नाही. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, पण तिचा रोख पक्षांतर करणाऱ्या लोकप्रतिनिधींवर आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मध्ये मागाहून घातलेल्या कलम २९-अ नुसार नोंदणी मागणाऱ्या पक्षाला संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांवरील निष्ठा आपल्या नियमावलीत नमूद करावी लागते. निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक सूचना त्यापुढे जाऊन ठरावीक मुदतीने संघटनात्मक निवडणुका घेण्याची तरतूद मागतात. मात्र एखाद्या पक्षाने या निवडणुका घेतल्याच नाहीत तर काय, याचे उत्तर दुबळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निर्णय दिला की, अगदी मोजके अपवाद सोडता एकदा केलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. विधी आयोगाने १९९९च्या १७०व्या अहवालात आणि पुन्हा २०१५च्या २५५व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा सुचविला. तो झालेला नाही. जर्मनीने मात्र नाझी राजवटीच्या अनुभवातून धडा घेऊन १९४९च्या आपल्या मूलभूत कायद्यातच पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे असे लिहिले, आणि १९६७च्या पक्षविषयक कायद्याने कार्यकारिणीची निवडणूक किमान दर दुसऱ्या वर्षी व ती गुप्त मतदानाने घेणे बंधनकारक केले.

आपल्याकडील विसंगती तालुक्याच्या गावी अधिक ठळकपणे दिसते. विट्यातील एखाद्या पतसंस्थेचे संचालक मंडळ निवडायचे असेल तर राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली मतदारयादी प्रसिद्ध होते, हरकती मागविल्या जातात, निवडणूक निर्णय अधिकारी नेमला जातो. गावच्या विकास सोसायटीलाही हाच नियम. म्हणजे शेतकऱ्याला पीककर्ज कोणी द्यावे हे ठरविण्यासाठी मतपेटी आहे. परंतु नगरपरिषदेच्या राखीव प्रभागात आपल्या समाजाच्या वतीने कोणी उभे राहावे हे ठरविणाऱ्या समितीसाठी साधी सभासदांची वहीसुद्धा नाही.

या उणिवेची किंमत काय पडते, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. खानापूरचे तत्कालीन आमदार अनिल बाबर हेही त्या वेळी एकनाथ शिंदे यांच्यासमवेत होते. पक्ष कोणाचा हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने निर्णय दिला. त्या निर्णयात आयोगाने पक्षाच्या घटनेतील २०१८चे बदल लोकशाहीला धरून नसल्याचे आणि पदाधिकारी निवडून येण्याऐवजी नेमले जात असल्याचे ताशेरे मारले. संघटनेतील बहुमत कोणाकडे, हे विश्वासाने सांगता येईना; म्हणून अखेर विधिमंडळातील व संसदेतील संख्याबळ मोजले गेले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादातही हेच घडले. निर्णय योग्य की अयोग्य या वादात आम्हांला शिरायचे नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. विट्याच्या आमदाराचे मत मोजले गेले. विट्यात वर्षानुवर्षे सतरंज्या घालणाऱ्या, भिंती रंगविणाऱ्या कार्यकर्त्याचे मत मोजता आले नाही, कारण तो सभासद म्हणून निर्विवादपणे कोठे नोंदलेलाच नव्हता. तालुका समिती नियुक्तिपत्रावर उभी असेल तर संकटाच्या वेळी तिला वजन राहत नाही.

आता आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळू. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले आणि अखेरीस रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. पक्ष चालविण्यासाठी शिकलेली माणसे हवीत म्हणून १९५६ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांनी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले आणि दोन वर्षांच्या आत बी. सी. कांबळे यांचा 'दुरुस्त' आणि दादासाहेब गायकवाड यांचा 'नादुरुस्त' असे दोन गट महाराष्ट्राला माहीत झाले.

या फुटीकडे सामान्यतः नेत्यांच्या अहंकाराची कहाणी म्हणून पाहिले जाते. आम्हांला ते अपुरे वाटते. त्या दोन गटांत खरा, विचारांचा मतभेद होता. भूमिहीनांच्या लढ्यात डाव्या पक्षांसह रस्त्यावर उतरावे, की संविधानिक व संसदीय मार्गाची स्वतंत्र वाट कटाक्षाने जपावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता; कोणत्याही जिवंत पक्षात तो उपस्थित व्हायलाच हवा होता. दादासाहेबांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली उभे केलेले भूमिहीनांचे सत्याग्रह सर्वश्रुत आहेत. उणीव मतभेदाची नव्हती. तो मतभेद तालुक्या-तालुक्यांतील सभासदांपुढे ठेवून, त्यांची मते मोजून, अल्पमतात राहिलेल्याला पुढच्या सभेपर्यंत सन्मानाने पक्षातच थांबता येईल अशी व्यवस्था नव्हती. जेथे मत मोजले जात नाही तेथे ते दाखविण्याचा एकच मार्ग उरतो : बाहेर पडणे आणि आपल्यामागे किती लोक येतात हे मोर्चात मोजून दाखविणे.

१९६७ साली जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. तेव्हा काँग्रेसच्या बाजूने महाराष्ट्राच्या राजकारणाची सूत्रे ज्यांच्याभोवती फिरत होती ते यशवंतराव चव्हाण मूळचे याच परिसरातील, आज कडेगाव तालुक्यात असलेल्या देवराष्ट्रे गावचे. त्या समझोत्याच्या बऱ्यावाईटाविषयी मतभिन्नता आहे. पण एक परिणाम स्पष्ट दिसतो. युती वर ठरणार, जागा वर ठरणार, म्हणजे तालुक्याच्या समितीने निर्णय घेण्यासारखे काही उरत नाही. वरून आलेला निरोप पोहोचविणे आणि सभेला माणसे जमविणे एवढेच तिचे काम राहते. निर्णय नसलेल्या समितीत निवडणूक तरी कशाला हवी? नियुक्तिपत्राची परंपरा येथून पक्की झाली असे आम्हांला वाटते.

पुढे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती या सगळ्याविरुद्ध संतापाने. तिच्या छावण्या गावोगाव निघाल्या. पण १९७७ साली तिच्या बरखास्तीची घोषणा झाली तीसुद्धा नेत्यांच्या निवेदनाने. ज्यांना ती मान्य नव्हती त्यांनी भारतीय दलित पँथर काढली. त्यानंतरच्या ऐक्याच्या प्रयत्नांची जंत्री येथे देत नाही. १९९८च्या लोकसभा निवडणुकीत एकत्रित रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार, म्हणजे अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सू. गवई, चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून सांगली जिल्ह्याच्या आगळगावचे रामदास आठवले, सर्वसाधारण मतदारसंघांतून निवडून आले आणि समाजाला केवढा हुरूप आला, हे त्या काळच्या वाचकांना आठवत असेल. १९९९च्या निवडणुकीत वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. ऐक्य झाले तेव्हा विट्याच्या, आटपाडीच्या, कवठेमहांकाळच्या कार्यकर्त्याने गुलाल उधळला; ऐक्य तुटले तेव्हा त्याने तेही वर्तमानपत्रात वाचले. दोन्ही वेळा त्याचे मत विचारले गेले नाही. ऐक्य नेत्यांनी केलेले असेल तर ते मोडणेही नेत्यांच्याच हाती राहते.

बाबासाहेबांनी या धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. आणि त्याच भाषणात, भारताला लोकशाही अपरिचित नव्हती हे सांगताना त्यांनी भिक्खुसंघाचा दाखला दिला : आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व संघाला ठाऊक होते, आणि तथागतांनी हे नियम तत्कालीन राजकीय सभांतून घेतले असावेत. आपल्या सभांतून या भाषणाचा पहिला भाग अनेकदा ऐकू येतो. दुसऱ्या भागाचा तपशील मात्र बहुधा अभ्यासकांपुरता राहतो. तो तपशील येथे थोडा उलगडून पाहू.

विनयपिटकात संघाच्या औपचारिक निर्णयाला 'संघकम्म' म्हणतात. त्याची सुरुवात 'सीमे'पासून होते. विशिष्ट खुणांनी आखलेल्या सीमेच्या आत असलेले सर्व भिक्खू म्हणजे तेथील संघ. कोणाचे मत मोजायचे हे आधी ठरते, जमलेल्यांवरून मागाहून नव्हे. मग गणपूर्ती. सर्वसाधारण कर्मासाठी किमान चार, मध्यदेशात उपसंपदा देण्यासाठी दहा, दोषी भिक्खूला पुन्हा सामावून घेण्याच्या 'अब्भान' कर्मासाठी वीस. निर्णय जितका गंभीर तितकी संख्या मोठी. प्रस्तावाला 'ञत्ति' म्हणतात. लहान कामात ञत्तीनंतर एकदा, मोठ्या कामात तीन वेळा तो ठराव संघापुढे उच्चारला जातो. ज्याला मान्य असेल त्याने मौन राखावे, ज्याला अमान्य असेल त्याने बोलावे. येथे मौनाला संमतीचा अर्थ आहे, परंतु तो तीनदा विचारल्यानंतरचा. विश्रामगृहावरील मौन आणि हे मौन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'समग्ग' आणि 'वग्ग' हा भेद. सीमेतील सर्व उपस्थित असतील, अनुपस्थितांची संमती आणलेली असेल आणि उपस्थितांपैकी कोणी हरकत घेतलेली नसेल, तर ते कर्म समग्ग. यांपैकी एकाची जरी उणीव असेल तर ते वग्ग, म्हणजे तुटक. आणि ते अवैध ठरते. आजारी भिक्खूला येता येत नसेल तर त्याने आपला 'छन्द', म्हणजे संमती, दुसऱ्या भिक्खूकरवी पाठवावी. उपोसथाच्या नियमात तर असे सांगितले आहे की, आजारी भिक्खूला आपली परिशुद्धी कळविणेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह संघात आणावे. हलविल्याने आजार बळावेल असे वाटल्यास संघानेच त्याच्याकडे जावे. पण तुटक संघाने उपोसथ करू नये. एका आजारी माणसासाठी संपूर्ण सभा उठून त्याच्या दाराशी जाते. खानापूर तालुक्यातील आपली कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यात आहेत. त्यांच्याकडे समाजमंदिरासाठी वर्गणी मागायला आपण जातो. त्यांचा छन्द मागायला कधी कोणी गेले आहे काय?

एकमत झालेच नाही तर 'येभुय्यसिका', म्हणजे बहुमताचा निर्णय. त्यासाठी लाकडी सलाका वाटल्या जात. सलाका वाटणारा भिक्खू संघाने रीतसर निवडायचा आणि तो छंद, द्वेष, मोह आणि भय या चारींच्या आहारी न जाणारा, तसेच मत घेतले गेले की नाही हे जाणणारा असावा. पद्धती तीन : गूळ्हक म्हणजे गुप्त, विवटक म्हणजे उघड आणि सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. चूळवग्गात असेही सांगितले आहे की, सलाका मोजल्यावर अधम्मवादी अधिक निघाले तर मतदान नीट झाले नाही असे म्हणून ते पुन्हा घ्यावे. आजच्या अर्थाने ही निखळ लोकशाही नव्हे, हे मान्य करावे लागेल. शिवाय भिक्खुणींचा संघ वेगळा होता. भिक्खूंच्या कर्मात त्यांची गणना नव्हती. ( आपल्या पक्षांची 'महिला आघाडी' हीसुद्धा अशीच वेगळी बसविलेली असते, आणि तिच्यापुढे संघकर्म म्हणण्यासारखे काहीच नसते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ) आमचे उत्तर असे की, संघापुढचा प्रश्न धम्म काय आणि विनय काय हा होता; त्याचे उत्तर डोकी मोजून बदलत नाही, अशी त्यांची धारणा होती. तालुकाध्यक्ष कोण असावा हा धम्माचा प्रश्न नाही, तो निवडीचा प्रश्न आहे. तेथे संविधानाने शिकविलेले समान मूल्याचे मतच चालले पाहिजे. संघाकडून घ्यायचे ते मतमोजणीचे अपवाद नव्हेत. घ्यायची ती यादीची, सूचनेची, अनुपस्थिताच्या हक्काची आणि हरकतीच्या मानाची शिस्त.

हरकतीचा मान म्हणजे काय, हे दुसऱ्या संगीतीच्या वृत्तान्तातून जितके समजते तितके अन्य कशातून समजत नाही. ही हकीकत चूळवग्गाच्या शेवटच्या खंधकात आहे. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी यश काकण्डकपुत्त नावाचे भिक्खू वैशालीस आले. उपोसथाच्या दिवशी तेथील वज्जिपुत्तक भिक्खू काशाच्या पात्रात पाणी भरून ते संघाच्या मध्यभागी ठेवीत आणि उपासकांना त्यात कार्षापण, अर्धा, पाव टाकावयास सांगत. यशांनी उपासकांना सांगितले की, देऊ नका. श्रमणांना सोने-रुपे विहित नाही. उपासकांनी तरी दिले. रात्र सरल्यावर पैशाची वाटणी झाली आणि यशांचाही वाटा पुढे आला. त्यांनी तो नाकारला. वाटा देणे हा त्यांना गप्प करण्याचाच मार्ग होता असे म्हणावयास हरकत नाही.

मग त्यांच्यावर पटिसारणीय कर्म झाले : उपासकांचा अवमान केला म्हणून त्यांची क्षमा मागावी. यशांनी नियमावर बोट ठेवले. अशा वेळी दोषी ठरविलेल्या भिक्खूला सोबत एक भिक्खू द्यावा लागतो, तो मला द्या. त्या साक्षीदारासह ते वैशालीच्या उपासकांकडे गेले आणि भगवंतांची वचने सांगून त्यांनी आपली बाजू मांडली. उपासकांना पटले. साक्षीदाराने परत येऊन हे सांगताच स्थानिक संघाने आणखी एक आरोप काढला : संघाची संमती नसता याने गृहस्थांपुढे गोष्ट उघड केली, याला उक्खेपनीय कर्माने निलंबित करा. आजच्या भाषेत, अंतर्गत बाब वृत्तपत्रांकडे नेल्याबद्दल पक्षशिस्तभंग. अडीच हजार वर्षांत आरोपाचे शब्दसुद्धा फारसे बदलले नाहीत.

यशांनी यानंतर वेगळा संघ काढला नाही. ते कोसंबीस गेले, पश्चिमेकडील आणि अवंती-दक्षिणापथातील भिक्खूंना निरोप पाठविले, संभूत साणवासी आणि रेवत या थेरांना गाठले. वज्जिपुत्तकांनीही रेवतांचे मन वळविण्यासाठी चीवरे, पात्रे घेऊन माणसे धाडली. रेवतांनी ती नाकारली. त्यांचा सेवक उत्तर याने मात्र एक चीवर घेतले आणि रदबदली करू पाहिली, तेव्हा रेवतांनी त्याला दूर केले. आणि वाद कोठे मिटवावा हा प्रश्न आला तेव्हा रेवतांचे म्हणणे पडले की, तो जेथे उत्पन्न झाला तेथेच मिटला पाहिजे. सातशे भिक्खू वैशालीत जमले. चर्चा भरकटू लागली तेव्हा 'उब्बाहिका', म्हणजे निवड समिती, नेमली : पूर्वेचे चार, पश्चिमेचे चार. दोन्ही बाजूंना समान जागा. समितीने दहा मुद्द्यांवर एकेक करून निर्णय केला. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. तेच दहा प्रश्न रेवतांनी ज्येष्ठ थेर सब्बकामींना पूर्ण संघासमोर पुन्हा विचारले आणि उत्तरे पुन्हा घेतली, जेणेकरून बंद दाराआड काय झाले असा संशय राहू नये.

दीपवंसाच्या परंपरेप्रमाणे पराभूत पक्षाने नंतर वेगळी महासंगीती भरविली. म्हणजे उत्तम नियमांनीही फूट सर्वथा टळते असे नाही. परंतु कोणत्या दहा मुद्द्यांवर मतभेद होता, कोण काय म्हणाला, निर्णय कोणत्या रीतीने झाला, हे आज आपल्याला सांगता येते. रिपब्लिकन पक्षाच्या एखाद्या तालुका समितीत गेल्या साठ-पासष्ट वर्षांत झालेल्या फुटीचे मुद्दे असे क्रमवार सांगता येतील काय? इतिवृत्ताची वही नसेल तर इतिहास राहत नाही, गाऱ्हाणी तेवढी राहतात.

आता आक्षेप येईल तो व्यवहाराचा. आपला समाज विखुरलेला, गरीब; तालुक्यात मतदान घेतले तर नसलेले गट पडतील, आणि प्रबळ जातींचे पक्ष पैशाच्या बळावर आपल्या समितीतही माणसे घुसवतील. पहिल्या भीतीविषयी आमचे मत वर आलेच आहे. गट मतदान न घेताही पडलेले आहेत. दुसरी भीती खरी आहे. पण नियुक्तीच्या पद्धतीत विकत घ्यावे लागते एकच माणूस; मतदानाच्या पद्धतीत निदान अनेकांना गाठावे लागते. राखीव प्रभागात उमेदवार कोणाचा असावा हे प्रस्थापित पुढारी ठरवितात आणि आपली समिती पाठिंब्याचे पत्रक काढते, हा अनुभव नियुक्त समित्यांचाच आहे.

आणि हा प्रदेश अशा कामाला अपरिचित नाही. १९४३ पासून प्रतिसरकारच्या काळात याच मुलखातील गावोगावच्या समित्या लोकांसमोर न्यायनिवाडे करीत होत्या. १९८०च्या दशकात मुंबईच्या गिरणी संपानंतर परतलेल्या कामगारांच्या साहाय्याने खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर बळीराजा धरण बांधताना भूमिहीन कुटुंबांनाही पाण्याचा वाटा असावा हे तत्त्व लोकांनी चर्चेतून स्वीकारले. पाण्याच्या वाटपासारखा भांडणाचा विषय ज्यांना सभेत सोडविता येतो, त्यांना तालुकाध्यक्ष निवडता येणार नाही असे म्हणणे अनुचित आहे.

विट्यासारख्या ठिकाणी आरंभ करावयाचा तर तो सभासद वहीपासून करावा लागेल. गाववार नावे, बाहेरगावी असलेल्यांचीही, आणि ती वही कोणालाही पाहता यावी. सभेची लेखी सूचना विषयांसह किमान आठ-पंधरा दिवस आधी द्यावी आणि ती प्रत्येक गावाच्या विहारात लावावी. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करावी. 'आले तेवढ्यांत' निवड उरकू नये. बाहेरगावच्या सभासदाचे मत बंद पाकिटात मागवावे. मोजणीस पक्षाबाहेरचा, दोन्ही बाजूंना मान्य असा माणूस बसवावा. निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी प्रत्येक तालुक्यात मिळतात. पराभूत उमेदवाराला किती मते पडली ते इतिवृत्तात लिहावे, आणि त्याला समितीत स्थान द्यावे. जिल्ह्याने नियुक्तिपत्र द्यायचे ते या निकालावर, त्याआधी नव्हे. याला फार पैसा लागत नाही. एका फलकाच्या खर्चात मतपत्रिका छापून होतात.

सभेचा दिवसही आपल्याला शोधावा लागणार नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून वर्षावासानिमित्त ग्रंथवाचन चालते. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते. त्या वेळी प्रथम ज्येष्ठ भिक्खू एका खांद्यावर चीवर घेऊन, उकिडवे बसून, हात जोडून संघाला तीनदा विनवितो की, माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हांला शंका आली असेल तर करुणेने सांगा. ज्येष्ठ आधी, मग कनिष्ठ. संयुत्तनिकायात स्वतः भगवंतांनी सावत्थीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंपुढे असेच विचारल्याची नोंद आहे. आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी तालुका समितीची वार्षिक सभा ठेवावी, मावळत्या अध्यक्षांनी जमाखर्च वाचावा आणि व्यासपीठावरून खाली येऊन सभासदांना हाच प्रश्न तीन वेळा विचारावा. उत्तरे देण्यासाठी पुरेसा वेळ कार्यक्रमपत्रिकेत राखून ठेवावा. सत्कार नंतर घेता येतील.